वेळेत केलेले कागद

साठ वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती भारतीय कायद्याच्या लेखी ज्येष्ठ नागरिक असते. दिव्यांगत्व चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक असल्याचे प्रमाणपत्र मिळाले, की आरक्षण आणि बहुतेक सवलती लागू होतात. या दोन आकड्यांभोवती गेल्या पंचवीसेक वर्षांत कायद्यांची भक्कम चौकट उभी राहिली आहे. १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा, २००७चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा कायदा, २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आणि २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा हे त्यातले मुख्य. तरीही माणसे अडतात. ती कायदा नाही म्हणून क्वचितच अडतात. बहुतेक वेळा कुठल्याशा कागदावर एक ओळ लिहायची राहून गेलेली असते, आणि ती लिहिण्याचा अधिकार किंवा शक्ती आता उरलेली नसते.

भोपाळमधील मराठी घरांत हा विषय आता अगदी उंबऱ्याशी आला आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश झाला आणि भोपाळ राजधानी ठरले, तेव्हा जुन्या मध्य प्रांताच्या नागपुरातील कचेऱ्यांमधून कितीतरी मराठी कर्मचारी इकडे आले. ग्वाल्हेर आणि इंदूर संस्थानांच्या मुलुखातील कुटुंबे आली. त्याच सुमारास हेवी इलेक्ट्रिकल्सचा, म्हणजे आजच्या भेलचा कारखाना उभा राहू लागला आणि तिथेही मराठी कामगार आणि अभियंते रुजू झाले. त्या पिढीची मुले आज स्वतः निवृत्त आहेत. नातवंडे पुणे, बंगळुरू नाहीतर परदेशात आहेत. घर मोठे, माणसे दोन, आणि कधी कधी त्यांच्या भरवशावर असलेला एक दिव्यांग मुलगा किंवा मुलगी, असे चित्र अनेक वसाहतींत दिसते.

सर्वांत आधी निर्वाहाचा हक्क. स्वतःच्या कमाईवर किंवा मालमत्तेवर गुजराण होत नसेल, तर २००७च्या कायद्यानुसार आईवडील आपल्या सज्ञान मुलामुलींकडून, नातवंडांकडूनही, निर्वाहभत्ता मागू शकतात. मूलबाळ नसलेल्या ज्येष्ठाला तो अशा नातेवाइकाकडे मागता येतो, ज्याच्या ताब्यात त्या ज्येष्ठाची मालमत्ता आहे किंवा ज्याला ती पुढे वारशाने मिळणार आहे. निर्वाह म्हणजे निव्वळ दोन वेळचे जेवण नव्हे. कपडे, निवारा आणि औषधोपचार यांचाही त्यात समावेश आहे.

यासाठी दिवाणी न्यायालयात जावे लागत नाही. अर्ज करायचा तो निर्वाह न्यायाधिकरणाकडे, आणि मध्य प्रदेशात हे न्यायाधिकरण म्हणजे एसडीएमचे कार्यालय, महाराष्ट्रात ज्याला प्रांताधिकारी म्हणतात तेच. भोपाळ जिल्हा हुजूर, बैरसिया, कोलार, गोविंदपुरा, टी. टी. नगर, एम. पी. नगर, बैरागड अशा उपविभागांत वाटलेला आहे. अर्जदार जिथे राहतो तिथल्या एसडीएमकडे अर्ज द्यायचा. अर्जात मुलांची नावे व पत्ते, त्यांचे अंदाजे उत्पन्न, स्वतःचे उत्पन्न आणि महिन्याचा खर्च एवढे स्वच्छ लिहिले तरी काम भागते. स्वतः जाणे शक्य नसेल, तर दुसऱ्या व्यक्तीला किंवा नोंदणीकृत संस्थेला अधिकार देऊन अर्ज करता येतो. न्यायाधिकरण आपणहूनही दखल घेऊ शकते. मुलांना नोटीस पोहोचल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यावा, अपवादात्मक स्थितीत आणखी ३० दिवस घ्यावेत, असे कायदा सांगतो. मूळ कायद्यात वकिलांना मनाई आहे, मात्र काही उच्च न्यायालयांनी ती मान्य केलेली नाही. वकील नसला तरी ज्येष्ठांच्या वतीने बोलण्यासाठी निर्वाह अधिकारी मागता येतो. हे काम जिल्हा समाज कल्याण अधिकारी किंवा त्या दर्जाचा अधिकारी करतो.

आदेश झाल्यावरही पैसे आले नाहीत, तर वसुलीचे वॉरंट निघू शकते आणि एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. ज्येष्ठाला वाऱ्यावर सोडून देणे हा वेगळा गुन्हा आहे. त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. या कायद्याची दुबळी बाजू भत्त्याच्या कमाल मर्यादेत आहे. २००७मध्ये ती महिना १०,००० रुपये ठरली. डिसेंबर २०१९मध्ये लोकसभेत आलेल्या दुरुस्ती विधेयकात ती काढून टाकण्याचा प्रस्ताव होता, पण ते विधेयक मंजूर न होताच बाद झाले. डायलिसिसवर असलेल्या किंवा दिवसरात्र माणूस लागणाऱ्या वृद्धासाठी दहा हजारांत काय होते, हे कोणत्याही घराला विचारावे. ही मर्यादा उठवणे अत्यंत गरजेचे आहे.

ज्यांना हा मार्ग नको असेल, त्यांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील कलम १४४खाली, म्हणजे पूर्वीच्या कलम १२५च्या जागी आलेल्या तरतुदीखाली, दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. दोहोंपैकी एकच मार्ग निवडायचा असतो. लग्न झालेल्या मुलीवर आईवडिलांची जबाबदारी नाही, हा समज अजूनही घट्ट आहे. तो मोडून काढणारा निकाल एका मराठी घरातूनच आला. कल्याणमध्ये वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या एका विवाहित डॉक्टर मुलीकडे तिच्या वडिलांनी पोटगी मागितली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८७मध्ये न्यायालयाने सांगितले की, आईवडिलांना सांभाळण्याची जबाबदारी मुलावर आहे तशी मुलीवरही आहे, ती विवाहित असली तरी.

निर्वाहापेक्षा अधिक घरे मोडतात ती मालमत्तेवरून. हयातीतच घर मुलाच्या नावे करून द्यावे, म्हणजे पुढे कटकट नको, असा विचार पुष्कळ आईवडील करतात. बक्षीसपत्र, मध्य प्रदेशात ज्याला दानपत्र म्हणतात, ते एकदा नोंदवले की मालकी गेली. नंतर वागणूक बदलली तर काय? यासाठी २००७च्या कायद्यात कलम २३ आहे. देणाऱ्याच्या मूलभूत गरजा घेणाऱ्याने भागवाव्यात अशा अटीवर मालमत्ता दिली असेल आणि ती अट पाळली गेली नाही, तर ते हस्तांतर फसवणुकीने किंवा दबावाने झाले असे धरून रद्द करता येते. इथे सारी मदार ‘अटीवर’ या शब्दावर आहे.

मध्य प्रदेशातीलच छतरपूरचे एक प्रकरण या बाबतीत मुळातून समजून घेण्याजोगे आहे. १९६८मध्ये स्वतः घेतलेली मालमत्ता एका आईने सप्टेंबर २०१९मध्ये मुलाच्या नावे दान केली. मुलगा आपला सांभाळ करतो, असे दानपत्रात नमूद होते. त्याच दिवशी मुलाने एक वचनपत्रही लिहून दिले असल्याचे आईचे म्हणणे होते: तो आईला अखेरपर्यंत सांभाळील, आणि न सांभाळल्यास तिला दानपत्र मागे घेता येईल. डिसेंबर २०२०मध्ये आई एसडीएमकडे गेली. मुलाने आणखी मालमत्तेसाठी मारहाण केल्याची तिची तक्रार होती. वचनपत्र बनावट असल्याचे मुलगा सांगत राहिला. एसडीएमने दानपत्र रद्द केले, जिल्हाधिकाऱ्यांनी तो आदेश कायम ठेवला, उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठानेही ठेवला. पण ऑक्टोबर २०२२मध्ये खंडपीठाने तो उलटवला. दानपत्रातच रद्द करण्याची अट लिहिलेली नाही, असे त्या पीठाचे म्हणणे पडले. अखेर २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आईच्या बाजूने निकाल दिला. एकाच दिवशीचे दानपत्र आणि वचनपत्र एकत्र वाचायला हवे, हा कायदा ज्येष्ठांच्या संरक्षणासाठी असल्याने त्याचा अर्थ उदारपणे लावायला हवा, आणि न्यायाधिकरण घराचा ताबाही परत देववू शकते, असे न्यायालयाने ठरवले. २८ फेब्रुवारीपर्यंत ताबा परत द्यावा, असा आदेश झाला.

याच्या उलट उदाहरण २०२२च्या डिसेंबरमधले आहे. एका आईने मुलींच्या नावे करून दिलेल्या मालमत्तेच्या दस्तात सांभाळ करण्याची अट कुठेच नव्हती, आणि अर्जातही तसे म्हटलेले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने कलम २३ लागू करण्यास नकार दिला. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की धडा उघड आहे. बक्षीसपत्र करायचेच असेल, तर त्यात साध्या भाषेत लिहून घ्यावे: घेणाऱ्याने देणाऱ्याची आयुष्यभर राहण्याजेवण्याची आणि औषधपाण्याची व्यवस्था करावी या अटीवर हे घर दिले आहे, आणि ही अट मोडल्यास बक्षीस रद्द समजावे. आपल्या हयातीपर्यंत त्या घरात राहण्याचा हक्क राखून ठेवल्याचेही त्यातच लिहावे. मुलावर अविश्वास दाखवल्यासारखे होईल, या भिडेने ही ओळ गाळली जाते. ज्याच्या मनात सांभाळायचे आहे, त्याचे त्या ओळीने काहीच जात नाही.

घरातून मुलासुनेला बाहेर काढण्याचा आदेशही न्यायाधिकरण देऊ शकते, पण तो अधिकार निरंकुश नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५च्या कायद्याने सुनेला सासरच्या घरात राहण्याचा हक्क दिलेला आहे. सुनेला बेघर करण्यासाठी ज्येष्ठांच्या कायद्याचा आडमार्ग वापरता येणार नाही, दोन्ही हक्कांचा मेळ घालावा लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२०मध्ये बंगळुरूच्या एका प्रकरणात सांगितले. पती पत्नीला टाकतो आणि सासूसासऱ्यांना पुढे करून तिला घराबाहेर काढू पाहतो, असे प्रकार घडतात. तेव्हा हे बंधन रास्तच म्हणावे लागेल.

हयातीत मालमत्ता देण्यापेक्षा मृत्युपत्र करणे बहुतेकांच्या दृष्टीने सुरक्षित असते, कारण ते मरेपर्यंत कितीही वेळा बदलता येते आणि तोवर मालकी आपलीच राहते. मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही. त्यावर करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी ऐच्छिक आहे. तरी नोंदणी कार्यालयात जाऊन ती करून घेतलेली बरी, म्हणजे पुढे सहीवरून वाद कमी होतात. साक्षीदार सज्ञान, पण आपल्यापेक्षा वयाने लहान आणि वाटेकरी नसलेले असावेत. वय फार झाले असेल, तर त्या दिवशीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे. मुंबईतील मालमत्तेला अनेक दशके प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्याची, सक्ती होती, तशी ती भोपाळला नव्हती. मुस्लिम कुटुंबांना मात्र वेगळा नियम लागू होतो: वारसांच्या संमतीविना एक तृतीयांशाहून अधिक मिळकत मृत्युपत्राने देता येत नाही, आणि हयातीत हिबा, म्हणजे बक्षीस, केला तर ताबाही द्यावा लागतो.

बँकेत नॉमिनी लावला म्हणजे काम झाले, असे मानणाऱ्यांनी ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या वारसांचा खटला लक्षात ठेवावा. त्यांचे मृत्युपत्र २०११चे, निधन २०१३मधले. शेअर आणि म्युच्युअल फंडांवर ज्यांची नावे नॉमिनी म्हणून होती तेच मालक का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर २०२३मध्ये उत्तर आले: नाही. नॉमिनी तो पैसा वारसांसाठी सांभाळतो. मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. बँक खात्याला नोव्हेंबर २०२५पासून चार नॉमिनींपर्यंत नावे देता येतात, तरी हे तत्त्व तसेच आहे. तेव्हा नॉमिनी आणि मृत्युपत्र यांत एकच नावे असावीत, किंवा वेगळी असण्याचे कारण मृत्युपत्रात लिहावे.

सर्वांत मोठी फसगत होते ती कुलमुखत्यारपत्राच्या बाबतीत. वडिलांनी मुलाला किंवा पुतण्याला मुखत्यार केले, की पुढे ते अंथरुणाला खिळले तरी बँकेचे आणि घराचे व्यवहार चालू राहतील, असे गृहीत धरले जाते. पण भारतीय करार कायद्याच्या कलम २०१प्रमाणे, मुखत्यारपत्र करणाऱ्याचे मनःस्वास्थ्य हरपले की मुखत्यारपत्र संपते. इंग्लंड-अमेरिकेत बुद्धी गेल्यानंतरही टिकणारे मुखत्यारपत्र करता येते. आपल्याकडे ती सोय नाही. म्हणजे ज्या दिवसासाठी हा कागद केला, त्याच दिवशी तो निरुपयोगी होतो. स्मृतिभ्रंश झालेल्या किंवा कोमात गेलेल्या प्रौढ माणसाच्या मालमत्तेसाठी पालक नेमण्याचा सोपा, स्वतंत्र कायदा नसल्याने अनेकांना उच्च न्यायालयात रिट अर्ज करावा लागला आहे. भोपाळकरांसाठी उच्च न्यायालय म्हणजे जबलपूर. रुग्ण घरात, आणि घरची माणसे तारखेला तीनशे किलोमीटरवर. यावर उपाय आधीच करावा लागतो. खाती जोडीदारासह संयुक्त आणि ‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीची करावीत, पेन्शनचे खातेही तसेच. मोठी मालमत्ता असेल तर हयातीतच ट्रस्ट करून, आपण असमर्थ झाल्यास पुढचा विश्वस्त कोण, हे त्यात लिहावे. करणाऱ्याची बुद्धी गेली तरी ट्रस्ट संपत नाही. हे सारे दुखणे सुरू होण्याआधी, निदान अगदी सुरुवातीच्या टप्प्यात, व्हायला हवे.

दिव्यांग मुलाच्या आईवडिलांना रात्री झोप न येण्याचे कारण वेगळे असते: आमच्यामागे याचे कोण? मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपते, ही गोष्ट अनेकांना बँकेच्या काउंटरवर कळते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चार स्थितींसाठी राष्ट्रीय न्यास कायद्याने मार्ग काढला आहे. प्रत्येक जिल्ह्यात एक स्थानिक समिती असते. तिच्यात जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे सदस्य असतात. आईवडील किंवा नातेवाईक या समितीकडे अर्ज करून सज्ञान मुलासाठी कायदेशीर पालक नेमून घेऊ शकतात. न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही. पालकाने सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी द्यायची असते आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब सादर करायचा असतो. हेळसांड किंवा अफरातफर झाली, तर समिती पालकाला काढू शकते. आईवडिलांनी हयातीतच स्वतःचे पालकत्व मंजूर करून घ्यावे आणि आपल्यानंतर कोण, याची इच्छा लेखी द्यावी. बहुतेकदा सख्ख्या भावंडाचे नाव गृहीत धरले जाते. त्याला किंवा तिला आधी विचारावे, आणि त्या घरातील सुनेला वा जावयालाही.

पालक एक आणि पैसा सांभाळणारा दुसरा, अशी रचना अधिक निर्धोक. म्हणून घर किंवा ठेवी थेट दिव्यांग मुलाच्या नावे करण्याऐवजी त्याच्या लाभासाठी खासगी ट्रस्ट करणे अनेकांना सोयीचे पडते. भारतात त्यासाठी १८८२चा ट्रस्ट कायदा आहे. विश्वस्त दोन-तीन असावेत, त्यांत एक तरी वयाने तरुण असावा, आणि मुलाला काय आवडते, कोणत्या वेळी कोणते औषध, कशाने तो घाबरतो, हे सांगणारे पत्र ट्रस्टच्या कागदांसोबत ठेवावे. मृत्युपत्रात पैशाचा हिशेब असतो, मुलाच्या दिवसाचा नसतो; तो आईलाच ठाऊक असतो. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वरील चार स्थितींसाठी वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो. जुन्या कररचनेत दिव्यांग आश्रितावरील खर्चासाठी ७५,००० रुपयांची, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक असल्यास सव्वा लाखाची वजावट आहे.

सरकारी नोकरांच्या घरांसाठी आणखी एक कागद फार मोलाचा. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकाच्या दिव्यांग अपत्याला, ते स्वतः कमावण्यास असमर्थ असल्यास, आईवडिलांनंतर कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकते, वयाची अट नाही. २०२१मध्ये उत्पन्नाची मर्यादाही सैल झाली: अपत्याचे इतर उत्पन्न त्याला मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा कमी असले की पुरे. भेलसारख्या ठिकाणी कर्मचारी पेन्शन योजना १९९५ लागू असते. तिच्यातही कायमच्या पूर्ण दिव्यांग अपत्याला वयाची अट न लावता पेन्शन देण्याची तरतूद आहे. मात्र त्या अपत्याचे नाव पेन्शनच्या आदेशात पेन्शनर हयात असतानाच चढवून घ्यावे. नंतर दिव्यांग भावासाठी बहिणीला जुन्या कार्यालयाचे दार ठोठवावे लागते, जिथे वडिलांना ओळखणारे कोणी उरलेले नसते.

या सगळ्याच्या मुळाशी ओळखीचे दोन कागद आहेत. एक, वैश्विक दिव्यांगत्व ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड. त्यासाठी ऑनलाइन अर्ज करून जिल्हा रुग्णालयाच्या, भोपाळमध्ये जयप्रकाश रुग्णालयाच्या, वैद्यकीय मंडळापुढे जावे लागते. दुसरा, मध्य प्रदेशात राहणाऱ्यांना चुकवता न येणारा समग्र आयडी. त्यात कुटुंबाचा आठ आकडी आणि प्रत्येक सदस्याचा नऊ आकडी क्रमांक असतो. महाराष्ट्रातून नुकतेच मुलाकडे राहायला आलेल्या आजी-आजोबांची नोंद समग्रमध्ये नसेल, तर राज्याच्या योजनांचे दार उघडत नाही. राज्यात सामाजिक सुरक्षा पेन्शन महिना ६०० रुपये मिळत आली आहे. एवढ्यात रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्याही महिनाभर पुरत नाहीत, आणि हे लाजिरवाणे आहे. त्यामानाने ऑक्टोबर २०२४पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे उपचार खुले झाले, हा दिलासा मोठा आहे.

दुसऱ्याच्या वतीने निर्णय कोणी घ्यायचा, हा प्रश्न भोपाळला फार महागात पडलेला आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला, आणि १९८५मध्ये कायदा करून केंद्र सरकारने सर्व पीडितांच्या वतीने दावा लढवण्याचा अधिकार एकट्याकडे घेतला. असमर्थांचे पालक राज्य, हे त्यामागचे तत्त्व. फेब्रुवारी १९८९मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली, ती पीडितांना न विचारता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, पण पीडितांचे म्हणणे ऐकले जायला हवे होते, हेही मान्य केले. मार्च २०२३मध्ये वाढीव भरपाईची उपचारात्मक (क्युरेटिव्ह) याचिका फेटाळताना, सरकारने हमी देऊनही पीडितांसाठी विमा काढला नाही, यावर न्यायालयाने बोट ठेवले. वायूने फुप्फुसे गेलेले तेव्हाचे तरुण आज वृद्ध आहेत, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांतील दिव्यांग मुलांसाठी वायुपीडित कार्यकर्त्या रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांनी २००४च्या गोल्डमन पर्यावरण पुरस्काराच्या पैशांतून चिंगारी ट्रस्ट उभा केला.

२०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा या पालकवृत्तीपासून दूर जातो. १९ एप्रिल २०१७पासून लागू झालेल्या या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसांवर नेले, सरकारी नोकऱ्यांत चार टक्के आणि उच्च शिक्षणात पाच टक्के जागा राखल्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दिव्यांग व्यक्तीला इतरांइतकीच कायदेशीर क्षमता आहे, हे त्याने मान्य केले. मालमत्ता बाळगणे, बँकेचे व्यवहार करणे, कर्ज काढणे हे तिचे हक्क आहेत. आधार देऊनही निर्णय घेता येत नसेल, तरच जिल्हा न्यायालय मर्यादित पालक नेमते, आणि तोही तिच्याशी विचारविनिमय करून. अपमान, मारहाण, उपासमार यांविरुद्ध कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. जाणूनबुजून सार्वजनिक अपमान करणे किंवा हल्ला करणे यासाठी सहा महिने ते पाच वर्षे कैद आहे. हा हक्क किती दूरवर पोचतो, ते मध्य प्रदेशातच दिसले. राज्याच्या न्यायिक सेवेच्या नियमांनी अंध उमेदवारांना न्यायाधीश होण्यास मज्जाव केला होता. एका अंध उमेदवाराच्या आईने सरन्यायाधीशांना पत्र लिहिले, त्याचीच याचिका झाली, आणि ३ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला.

मदत कुठे मागायची, हे ठाऊक असावे. भोपाळचे जिल्हाधिकारी कार्यालय जुन्या सचिवालयात आहे आणि दर मंगळवारी तिथे जनसुनवाई असते. निर्वाहाचा खटला तिथे चालत नाही, पण अर्ज महिनोन्‌महिने पडून असल्याची तक्रार नक्की करता येते. स्त्रिया आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१००. ज्येष्ठांसाठी हेल्पलाइन १४५६७. दिव्यांगांच्या पुनर्वसनाची सल्लासेवा देणारे केंद्र सरकारचे संयुक्त क्षेत्रीय केंद्र शहरातच खजुरी कलाँ भागात आहे. सत्तरीपुढील आणि दिव्यांग ग्राहकांना घरपोच बँकसेवा द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७चा आदेश आहे. शाखेने टाळाटाळ केली तर लेखी मागावी.

राहतो तो उपचारांचा प्रश्न. मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सज्ञान व्यक्तीला आगाऊ निर्देश देण्याचा हक्क दिला आहे: मानसिक आजारात निर्णयक्षमता गेल्यास कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, आणि आपल्या वतीने कोण बोलेल. अंतिम आजारातील जीवनरक्षक उपचारांबद्दलचे इच्छापत्र मात्र न्यायालयाच्या निकालांतून आले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग नोव्हेंबर १९७३मधील हल्ल्यानंतर मे २०१५पर्यंत, जवळपास बेचाळीस वर्षे, त्याच रुग्णालयात अर्धचेतन अवस्थेत होत्या. पत्रकार पिंकी विराणी यांच्या याचिकेवर मार्च २०११मध्ये निकाल देताना, शानबाग यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिकाकर्तीचा की सांभाळ करणाऱ्या रुग्णालयाचा, हे सर्वोच्च न्यायालयाला ठरवावे लागले. ते रुग्णालयाच्या बाजूने ठरले. ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, पण इच्छापत्राची पद्धत इतकी किचकट होती की ते जवळजवळ कोणी करीना. २४ जानेवारी २०२३ रोजी ती सोपी झाली. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन घ्यायचे. आपण बोलू शकत नसू तेव्हा कोणी निर्णय घ्यावा, त्या एक किंवा अधिक व्यक्तींची नावे लिहायची. वेळ आली की रुग्णालयाचे प्राथमिक आणि दुय्यम अशी दोन वैद्यकीय मंडळे, प्रत्येकी तीन डॉक्टरांची, शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत आपले मत देतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा पीठाचे तेव्हाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी मे २०२४मध्ये आपले इच्छापत्र केले. गोव्यात तसे करणारे ते पहिले. या कागदाची प्रत नेमलेल्या व्यक्तींकडे, घरच्या डॉक्टरांकडे आणि स्थानिक प्रशासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते, आणि ती डिजिटल आरोग्य नोंदींतही जोडता येते.